संकेतस्थळाचे दप्तर : डेटाबेसविना चालणाऱ्या प्रणालीची निवड

मी बालरोगतज्ज्ञ आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. ही गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी गोवर, क्षय किंवा कुपोषण असा नेहमीचा विषय न घेता मी आपल्या मंडळाच्या संकेतस्थळाविषयी लिहीत आहे, याचे व्यवसायबंधूंना नवल वाटेल. परंतु या संकेतस्थळापायी आपण जे गमावले आणि त्यातून जे शिकलो, ते लिहून ठेवले नाही तर पुढच्या कार्यकारिणीला तोच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागेल. शिवाय आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या रुग्णालयांची संकेतस्थळे काढली आहेत. बीदर, भालकी, आळंद, गुलबर्गा येथील शाळा-वाचनालयांच्या विश्वस्त मंडळांवरही आपलीच मंडळी आहेत. त्यांनाही या अनुभवाचा उपयोग व्हावा, हा या लेखाचा हेतू.

प्रश्नचिन्हांचे पान

आपल्या मंडळाचे संकेतस्थळ २०१३ साली सुरू झाले. एका सदस्याच्या मुलाने, तो तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता, वर्डप्रेस नावाची प्रणाली वापरून ते मोठ्या हौसेने उभे केले. लसीकरणाचे वेळापत्रक, जुलाब झालेल्या मुलासाठी घरी करावयाची जलसंजीवनी, विंचूदंश व सर्पदंश झाल्यास काय करावे आणि काय करू नये, अशी पाने मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत होती. त्याखेरीज औराद तालुक्यात चाळीस वर्षे सेवा केलेल्या आपल्या एका ज्येष्ठ सदस्याचे अकरा लेख त्यावर होते. खेड्यांतील बाळंतपणे, कॉलऱ्याच्या साथी, बैलगाडीतून आणलेले विंचूदंशाचे रुग्ण, असे त्यांचे अनुभव त्यांनी वहीत लिहिले आणि आपण ते संकेतस्थळावर चढविले. पुढे ते निवर्तले, घर रिकामे झाले आणि वह्या रद्दीत गेल्या. संकेतस्थळावर आहेच, या भरवशावर कोणी त्यांची चौकशी केली नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात कर्नाटक होते. महाराष्ट्रात ती मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये पोहोचली. सीमाभागात याचा अर्थ काय झाला, हे आपण जाणताच. लेक भालकीला दिली आहे आणि माहेर उदगीरला आहे, अशा घरात एका भावंडाला लस आणि दुसऱ्याला नाही. 'इकडेच का देतात, तिकडे का नाही?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानी येई. आपल्या संकेतस्थळाची गरज त्या महिन्यात होती तितकी पूर्वी कधी नव्हती.

नेमक्या त्याच महिन्यात, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आपली जागा होती तिने आपला मजकूर जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलविला. दुसऱ्या दिवशी सर्व मराठी आणि कन्नड अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली.

त्याच आठवड्यात औरादकडील एक तरुण माता जुलाबाने थकलेले मूल घेऊन माझ्याकडे आली. तिच्या भावाने तिला मोबाईलवर आपल्या संकेतस्थळाचे पान काढून दिले होते. ते पुढे करून तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, ह्यातलं सहा चमचे साखर का मीठ?" मी पाहिले. प्रश्नचिन्हांच्या रांगेत एके ठिकाणी इंग्रजी सहाचा आकडा आणि पुढच्या ओळीत अर्ध्याची खूण, एवढेच शिल्लक होते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आपल्याला पाठ आहे. परंतु तिने उलट केले असते, तर एका लिटरमध्ये तीसएक ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ समुद्राचे पाणी, त्या मुलाच्या पोटात गेले असते. रक्तातील सोडियम वाढल्याने झटके आलेले मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगणे नको. ती बाई विचारायला आली, हे आपले भाग्य.

कपाट वाचले, कागद गेले

मी त्या मुलाला फोन केला. तो तोवर नोकरीनिमित्त पुण्यास गेला होता. म्हटले, "अरे, आपण दर सहा महिन्यांनी सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो ना? तेच परत चढव." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, त्या फोल्डरमध्ये लेख नसतात. लेख डेटाबेसमध्ये असतात. त्याची प्रत वेगळी घ्यावी लागते. मी निघताना ते सांगायचं राहूनच गेलं."

हे समजण्यासाठी अशा प्रणालीचे कार्य थोडे पाहिले पाहिजे. संकेतस्थळावरील मजकूर लिहिणे, बदलणे आणि मांडणे यांसाठी जी व्यवस्था असते तिला संगणक-व्यवसायात 'सीएमएस', म्हणजे मजकूर-व्यवस्थापन प्रणाली, म्हणतात. २००३ साली आलेली वर्डप्रेस ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित. आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिचे काम मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड-रूमसारखे असते. वाचकाने पान मागितले की पीएचपी या भाषेत लिहिलेला कार्यक्रम खिडकीवरच्या कारकुनासारखा आत जातो आणि मायएसक्यूएल नावाच्या रेकॉर्डकीपरला विचारतो. तो शीर्षक एका रकान्यातून, मजकूर दुसऱ्यातून, लेखकाचे नाव तिसऱ्यातून काढून देतो. कारकून ते जोडून पान तयार करतो आणि वाचकाच्या हाती ठेवतो. आपण पेनड्राइव्हवर जे उतरवीत होतो ते खिडकी, टेबल आणि कपाट. कागद रेकॉर्डकीपरच्या ताब्यात होते.

प्रश्नचिन्हांचे कारणही तेथेच होते. मायएसक्यूएलमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर पश्चिम युरोपीय लिपींचा 'लॅटिन-१' हा अक्षरसंच गृहीत धरला जाई. २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपासून हे गृहीतक बदलून सर्व लिपी सामावणारा युनिकोड संच आला. स्थलांतर करताना कोणीतरी ही नोंद पाहिली नाही. त्या संचात देवनागरी व कन्नड अक्षरे नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. इंग्रजी आकडे आणि अर्ध्याची खूण त्या संचात आहेत, म्हणून ती तेवढी टिकली. एकदा असे लिहिले गेले की मूळ अक्षर त्यातून परत मिळविता येत नाही. जुने यंत्र तोवर पुसून झाले होते. १९९६ पासून महाजालाच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात शोध घेतला, तेव्हा ज्येष्ठ सदस्यांच्या अकरा लेखांपैकी चार मिळाले. उरलेले सात गेले, ते गेलेच.

फाइल म्हणजे आईच्या हातातील कार्ड

आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते. पहिली लस उदगीरच्या किंवा उमरग्याच्या दवाखान्यात, दुसरी-तिसरी बीदरला किंवा आळंदला, असे नेहमीच होते. दोन राज्यांच्या नोंदवह्या एकमेकींशी बोलत नाहीत. तरीही मुलाचे लसीकरण सहसा चुकत नाही, कारण आईच्या पिशवीत तायी कार्ड असते. ते कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही डॉक्टरला, कोणत्याही यंत्राशिवाय वाचता येते.

डेटाबेसविना चालणाऱ्या प्रणालीचे तत्त्व हेच आहे. यात प्रत्येक लेख ही एक साधी मजकूर-फाइल असते. साधारण संगणकावरील नोटपॅडमध्येही ती उघडते आणि वाचता येते. मथळा, परिच्छेद, यादी दाखविण्यासाठी बहुधा 'मार्कडाऊन' ही २००४ साली जॉन ग्रूबर यांनी प्रसिद्ध केलेली सोपी पद्धत वापरतात. ओळीच्या आरंभी जाळीची खूण दिली की मथळा, आडवी रेघ दिली की यादीतील कलम, असे तिचे नियम अर्ध्या तासात शिकता येतात. योगायोग असा की, या फायलींच्या नावाला शेवटी 'एमडी' ही अक्षरे लागतात. आपल्याला ती नावापुढे लावण्यासाठी तीन वर्षे रात्रपाळ्या कराव्या लागल्या, हा भाग निराळा!

ही कल्पना नवी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिले संकेतस्थळ लोकांसमोर ठेवले, ते साध्या फायलींचेच होते. सर्नने २०१३ साली ते पुन्हा मूळ पत्त्यावर मांडले, आणि आजचा संगणकही ती पाने विनातक्रार दाखवितो.

तीन प्रकार

अशा प्रणालींत तीन प्रकार आम्ही अजमावून पाहिले.

पहिला डोकूविकी. जर्मनीतील आंद्रेआस गोर यांनी २००४ साली ती सुरू केली. पाने मजकूर-फायलींत राहतात, अनेकांनी मिळून लिहिण्याची सोय आहे, आणि पानात बदल केला की जुनी आवृत्ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपली जाते. त्या फोल्डरचे इंग्रजी नावच 'माळा' या अर्थाचे आहे. आपल्या आजीनेही जुनी भांडी माळ्यावरच ठेवली होती. ज्ञानसंग्रहासाठी ही उत्तम. मात्र तिचे रूप विश्वकोशासारखे आहे, संस्थेच्या दर्शनी पानासारखे नाही.

दुसरा ह्यूगो. २०१३ साली आलेली ही प्रणाली, तसेच २००८ पासूनची जेकिल, निराळ्या तऱ्हेने काम करते. आपल्या संगणकावर मजकुराच्या फायलींतून सर्व पाने आधीच तयार करून ठेवावयाची आणि तयार पानेच सर्व्हरवर चढवावयाची. तेथे कोणताही कार्यक्रम चालत नाही, म्हणून बिघडण्यासारखे वा फोडण्यासारखे तेथे फारच थोडे उरते. पाने हलकी असल्याने खेड्यातील मंद नेटवरही चटकन उघडतात. सुरक्षिततेत हा प्रकार सर्वांत वरचा. परंतु दर दुरुस्तीसाठी एखाद्या जाणत्याने आज्ञा देऊन पाने तयार करावी लागतात. आपल्या कार्यालयातील लिपिकाला ते अवघड गेले, आणि पुन्हा एका मुलाच्या लॅपटॉपवर अवलंबून राहण्याची वेळ आली असती.

तिसरा ग्रॅव्ह. ही २०१४ सालची. मजकूर मार्कडाऊन फायलींत, पण सर्व्हरवर पीएचपीचा कार्यक्रम चालतो आणि हवी असल्यास ब्राउझरमधून लिहिण्यासाठी व्यवस्थापनाची खिडकी जोडता येते. आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा की, एकाच पानाच्या मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात. कन्नड पानात लसीची तारीख बदलली आणि मराठीत राहिली, तर फोल्डर उघडताच ते ध्यानात येते. सीमाभागातील संस्थेला ही सोय मोलाची आहे.

आम्ही ग्रॅव्ह निवडली. तुमची निवड वेगळी असू शकेल. निवडीमागील प्रश्न मात्र तेच असावेत.

निवडीपूर्वीचे चार प्रश्न

एक, लिहिणारे किती आणि मजकूर किती वेळा बदलतो? आपल्या मंडळात लिहिणारे दोघे-तिघे आणि बदल महिन्यातून एखादा. एवढ्यासाठी रेकॉर्ड-रूम बांधण्याचे कारण नाही. शेकडो माणसे एकाच वेळी लिहीत असतील तर मात्र फाइल अपुरी पडते.

दोन, नोंदी शोधावयाच्या आहेत की लेख वाचावयाचे आहेत? रुग्णांच्या भेटीच्या वेळा, औषधांचा साठा, सभासद-वर्गणी, रक्तदात्यांची सूची यांसाठी डेटाबेसच हवा, आणि तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हवा. रुग्णालयाच्या संगणकातून डेटाबेस काढून टाका, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कृपया कोणी घेऊ नये.

तीन, व्यक्तिगत माहिती आहे काय? असल्यास ती या संकेतस्थळावर ठेवूच नये. रुग्णाचे नाव, छायाचित्र, अहवाल यांना अशा फोल्डरमध्ये स्थान नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे. आणि कायदा नसता तरी आपण घेतलेली शपथ आहेच.

चार, आज करणारा उद्या गेला तर काय? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच आपण २०१३ साली विचारला नव्हता. तरुण मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला जाणारच, त्यांनी जावेच. व्यवस्था अशी हवी की त्यांच्या जाण्याने संस्थेचे दप्तर हरवू नये.

या चौथ्या प्रश्नाची परीक्षा करण्याची एक युक्ती सांगतो. पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावे. महाजाल नसलेल्या दुसऱ्याच संगणकावर, ज्याने संकेतस्थळ बनविले नाही अशा माणसाने, ते उघडावे. कोणताही एक लेख त्याला सापडला पाहिजे आणि मराठी-कन्नड दोन्ही नीट वाचता आले पाहिजे. नंतर तेच फोल्डर त्याने दुसऱ्या सर्व्हरवर एका दुपारी उभे करून दाखवावे. हे जमले तर प्रणाली आपल्या कामाची. आमच्याकडे ही परीक्षा कार्यालयातील लिपिकाने दिली. पहिला भाग पाच मिनिटांत झाला, दुसऱ्यास एका विद्यार्थ्याची थोडी मदत लागली.

पथ्ये

औषध लिहिताना त्याचे दुष्परिणाम सांगणे आपले कर्तव्य असते. डेटाबेस नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसच्या एका आवृत्तीतील दोषामुळे जगभरच्या लाखो पानांचा मजकूर परक्यांनी बदलला. तो दोष डेटाबेसचा नव्हता, कार्यक्रमाचा होता. ग्रॅव्हच्या व्यवस्थापन-खिडकीतही २०२१ साली गंभीर छिद्र आढळले व लगोलग बुजविले गेले. जेथे कार्यक्रम चालतो तेथे त्याच्या सुधारित आवृत्त्या वेळेवर बसवाव्याच लागतात, जशा लसीच्या वर्धक मात्रा. ती खिडकी नको असेल तेव्हा काढून ठेवता येते. आम्ही तिची किल्ली दोघांकडेच ठेवली आहे.

दुसरे पथ्य लिपीचे. फाइलसुद्धा चुकीच्या अक्षरसंचात साठविली तर प्रश्नचिन्हे उमटतात. जुन्या नोटपॅडमध्ये ही चूक सहज होई. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये नवी फाइल मुळातच यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीने साठविली जाते. श्रीलिपी वा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये पूर्वी टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितप्रतीशी ताडून मगच चढवावा. औषधाची मात्रा असेल तेथे आम्ही आता अंकाबरोबर अक्षरातही लिहितो, आणि 'साखर' व 'मीठ' यांची चित्रेही देतो.

तिसरे पथ्य प्रतींचे. बीदरच्या महमूद गवानच्या मदरशासमोरून आपण रोज जातो. १४७२ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूत तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय होते असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात वास्तूचा मोठा भाग कोसळला. एकाच ठिकाणी ठेवलेल्या ज्ञानाचे काय होते, हे सांगणारी ती अर्धी उभी भिंत आपल्या दारात आहे. शंभर मराठी लेखांचा मजकूर पाच मेगाबाइटच्या आत मावतो. एक प्रत कार्यालयात, एक सचिवांच्या घरी आणि एक गावाबाहेर ठेवण्यास खर्च जवळजवळ नाही. तसेच संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरवरील जागा मंडळाच्या नावे नोंदलेली असावी, कोणा सदस्याच्या वा त्याच्या मुलाच्या नावे नव्हे.

हस्तांतर

नव्या व्यवस्थेवर आपले संकेतस्थळ आता सुरळीत चालू आहे. मिळालेले चार लेख त्यावर आहेत. त्या लेखांच्या फोल्डरमध्ये आम्ही सात रिकाम्या फायलीही ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर हरवलेल्या लेखाचे शीर्षक तेवढे आहे. ज्येष्ठ सदस्यांचे ते लेख कोणी तेव्हा छापून घेतले असतील, कात्रण ठेवले असेल, किंवा त्यातील एखादा प्रसंग कोणाला आठवत असेल, तर त्यांनी कृपया कार्यालयात कळवावे. फाइल उघडून लिहावयास कोणाचीही परवानगी लागणार नाही.

वार्षिक सभेत मावळते कोषाध्यक्ष जमाखर्चाची वही आणि कपाटाच्या किल्ल्या नव्यांच्या हाती देतात, ही आपली जुनी प्रथा आहे. यापुढे त्याच वेळी संकेतस्थळाचे फोल्डर असलेला पेनड्राइव्हही द्यावा, आणि देण्यापूर्वी सभेसमोर त्यातील एक पान उघडून वाचावे, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. कोणते पान वाचावे, असे विचारल्यास मी जलसंजीवनीचे सुचवीन.